मला कुणी विचारलंच नाही

गुरुवार, रात्री उशिरा

आज तालमीत यंदाच्या फुटबॉल संघाची यादी झाली. वरच्या खोलीत सतरंजी टाकलेली, आण्णा वही घेऊन बसलेले आणि एकेकाला विचारणं चाललेलं : "काय रे, यंदा आपल्यातच न्हवं?" गोलकीपरला विचारलं. दोन्ही स्टॉपरना विचारलं. गेल्या हंगामात बेंचवरून न उठलेल्या पोरालासुद्धा विचारलं, आणि तो लाजत "व्हय की" म्हणाला. मुख्य कोचना तर आण्णांनी हात धरून विचारलं. ते म्हणाले, बघू, दोन दिवसांत सांगतो. मग त्यांच्याशी बाजूला जाऊन बोलणं झालं, मानधनाचं असणार. मी असिस्टंट कोच. माझ्यापाशी आले तेव्हा आण्णांनी पान उलटलं आणि यंदा बॉल किती घ्यावे लागतील ते विचारलं.

एवढंच झालं. कुणी वाकडं बोललं नाही, उलट निघताना पाठीवर थाप मारून म्हणाले, "तू हायस म्हणून काळजी न्हाई." पण जेवताना तेच डोक्यात, अंथरुणावर पडलो तरी तेच. शेवटी उठून लिहायला बसलो.

मी राहणार हे सगळ्यांनी धरून चाललंय. ते खरंही आहे. मग मला काय झालंय?

याच आठवड्यात दुसऱ्या एका पेठेच्या संघाकडून फोन आला होता. मुख्य कोच म्हणून या, म्हणाले. संघ निवडायचा अधिकार तुमचा, मध्ये कुणी बोलणार नाही. मी "बघतो" म्हटलं आणि घरात कुणाला सांगितलं नाही. हिला कळलं तर ती जा म्हणेल, आणि तिची कारणं बरोबर असतील. त्यावर आत्ता लिहीत नाही.

कोल्हापुरात फुटबॉलचा कोच पेठ बदलतो म्हणजे काय, हे इथं वाढलेल्यालाच कळतं. केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, १९४० ची. त्याच्याही आधीपासून तालमीतली पोरं कुस्तीचा आखाडा सोडून बॉलमागं धावायला लागली होती, आणि संघांना नावं तालमींची आणि मंडळांचीच लागली. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, शिवाजी. त्यामुळं शाहू स्टेडियमवर मॅच असते तेव्हा खेळाडू अकराच असतात, पण हरते ती पेठ. दुसऱ्या दिवशी दूध आणायला गेलं तरी ऐकून घ्यावं लागतं. खेळाडूंचं आता तसं राहिलं नाही. नोंदणी आली की पोरं इकडची तिकडं जातात, नायजेरियाहून आलेले खेळाडूही आपल्या संघांतून खेळून गेले, आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. पोरं गेली तर मला राग येत नाही. २०१७ ला आपला अनिकेत जाधव सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला, तेव्हापासून प्रत्येक पोराला वाटतं की आपण पुढं जावं. जावंच. गुडघा शाबूत आहे तोवरच जाता येतं.

पण असिस्टंटचं वेगळं आहे. त्याला कुणी विकत घेत नाही, त्याच्या जाण्याची पेपरात बातमी येत नाही, आणि तो राहिला तरी येत नाही.

आज दिवसभर मला पीटर टेलर आठवत होता. इंग्लंडमधला नावाजलेला मॅनेजर ब्रायन क्लफ, त्याचा असिस्टंट. १९६५ ला हार्टलपूल क्लबपासून दोघं बरोबर, मग डर्बी, १९७२ ला डर्बीला लीग जिंकून दिली. क्लफ स्वतःच म्हणायचा की मी दुकानाची काच, आतला माल पीटरचा. १९७३ ला दोघं तिसऱ्या डिव्हिजनमधल्या ब्रायटनला गेले. पुढच्या वर्षी लीग विजेत्या लीड्सनं बोलावलं. क्लफ गेला. टेलर गेला नाही, ब्रायटनलाच राहिला. लीड्सला क्लफ ४४ दिवस टिकला.

मी ही गोष्ट पोरांना कितीदा सांगितली असेल. सांगताना मला नेहमी टेलरचा अभिमान वाटायचा, कारण त्या वेळी लीड्स सोडून ब्रायटन धरणं म्हणजे लोकांनी वेडा म्हणायचं काम. पण गोष्ट तिथं संपत नाही. दोन वर्षांनी, १९७६ ला, ब्रायटनची बढती थोडक्यात हुकल्यावर टेलर निघालाच आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टला पुन्हा क्लफच्या शेजारी बसला. १९७८ ला लीग, १९७९ आणि १९८० ला युरोपियन कप. मग त्याची निष्ठा कुणाशी होती? ब्रायटनशी की त्या माणसाशी? आणि त्या माणसाशी म्हणावं तर १९८३ ला एका खेळाडूच्या बदलीवरून दोघांचं जे तुटलं ते टेलर १९९० ला वारला तोपर्यंत जुळलं नाही. हा भाग मी पोरांना कधी सांगत नाही.

टेलरला १९७४ मध्ये कुणीतरी विचारलं तरी होतं. त्याच्यासमोर दोन वाटा होत्या हे लोकांना माहीत होतं, म्हणून त्याचं राहणं दिसलं. माझ्यासमोरही दोन आहेत, फक्त त्यातली एक तालमीत कुणाला ठाऊक नाही. कदाचित टोचतंय ते हेच. मी राहिलो तर कुणाला कळणारच नाही की मी राहिलो. मी होतोच, एवढंच दिसणार.

गोव्याचे कोच क्लिफर्ड मिरांडा, त्यांचं बघा. २०२० मध्ये एफसी गोवानं मुख्य कोच लोबेरांना हंगामाच्या मध्येच काढलं आणि उरलेल्या मॅचेसची जबाबदारी मिरांडांवर आली. संघ लीगमध्ये पहिला आला. पुढं ते ओडिशा एफसीला असिस्टंट म्हणून गेले, तिथंही हंगाम संपता संपता संघ हातात आला, आणि एप्रिल २०२३ ला ओडिशानं बंगळुरूला हरवून सुपर कप घेतला. क्लबचा पहिलाच मोठा कप. पुढच्या हंगामासाठी क्लबनं मुख्य कोच आणला तो लोबेरांना. मिरांडा मोहन बागानला गेले, परत असिस्टंट म्हणून. मी त्यांना ओळखत नाही. पण तो करंडक उचलल्यावर पुन्हा दुसऱ्याच्या शेजारी बसायला मन किती मोठं लागत असेल, हे मला आज जरा जास्त कळतंय.

आता बारा वाजून गेलेत. हे लिहिता लिहिता एक गोष्ट सुचली, ती फोन आला तेव्हाच सुचायला हवी होती असं वाटतंय.

मी त्या पेठेत गेलो असं धरू. लीगमध्ये ते आणि आम्ही समोरासमोर येणारच. मी त्या बाजूच्या डगआउटमध्ये. माझी पोरं मला विचारणार, सर, यांचं काय करायचं? मग मी काय सांगणार? आमच्या लेफ्ट बॅकला उजव्या पायावर आणला की तो बॉल मागंच देतो, हे सांगणार? आमच्या गोलकीपरचे वडील स्टँडमध्ये असले की तो पहिली पंधरा मिनिटं लाईन सोडत नाही, हे सांगणार? मधल्या पोराचा घोटा दोनदा दुखावलाय आणि पट्टी मीच बांधतो, म्हणून तो कुठल्या बाजूला वळायला घाबरतो ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

मुख्य कोचकडं डावपेच असतात. ते तो कुठंही घेऊन जाऊ शकतो, ते त्याचेच आहेत. माझ्याकडं जे आहे ते या पोरांचं दुखणं आणि भीती. त्यांनी ती मला संघ म्हणून दाखवली नाही. कुणी सरावानंतर थांबून, कुणी रात्री फोन करून, एकानं तर रडत सांगितली. ते घेऊन मी दुसऱ्या पेठेत पगारावर बसू? न सांगता बसायचं म्हटलं तर त्या नव्या पोरांशी बेइमानी, त्यांचीही काही चूक नाही. आणि तिथल्या लोकांना माझ्यातला मुख्य कोच हवाय की आमचा लेफ्ट बॅक, हेही मला आता तितकंसं स्पष्ट नाही. फोनवर आवाज मनापासूनचा वाटला होता. असेलही.

हे लिहिल्यावर जरा मोकळं वाटलं. रुसवा होता तो बराच उतरला. आण्णांनाही दोष देता येत नाही. त्यांनी आयुष्यभर तालमीची कुलपं लावली आणि उघडली, त्यांना तरी कुणी कधी विचारलं असेल की यंदा आहात ना? ते जसे स्वतःला धरून चालतात, तसंच मला धरून चालले. यात माया आहे हे मला कळतं. पण मायेनं विचारलं असतं तरी चाललं असतं, हेही खरं, आणि ते मी खोडणार नाही.

मुख्य व्हायचं मनात आहे, ते आजच्यानं जाणार नाही. पुढच्या लायसन्सचा कोर्स करायचाय, पैसे जमवतोय. होईन तेव्हा होईन. इथं झालो तर फार बरं. नाहीतर मग कुठंतरी लांब, जिथून आमच्या पोरांशी मॅच पडणार नाही.

त्या पेठेला सकाळी फोन करून नाही म्हणून सांगणार. आभार मानणार, कारण त्यांनी विचारलं. आणि संध्याकाळी सरावाला गेल्यावर आण्णांना सांगणार आहे की यादीत माझं नाव शेवटी लिहा, पण लिहा, आणि पोरांच्या समोर मला विचारा. मी हो म्हणणार आहे.