आईची सही

डिचोली, १४ जुलै, रात्री

आज आईच्या स्तनाच्या कर्करोगावरच्या औषधाचा चौथा डोस झाला. घरी आल्यावर आई सोप्यावर बसून परसातल्या तवशाच्या वेलाकडे बघत होती. मध्येच म्हणाली, "माझा तो तुकडा अजून असेल ना गो तिथे?"

असेल, म्हटलं. आणि मला ती रात्र आठवली. बायोप्सी इथे झाली, ऑपरेशन परळला, टाटात. थिवीला कोकणकन्येत चढलो तेव्हा ब्लॉक, म्हणजे बायोप्सीत काढलेला मेणात बसवलेला तुकडा, माझ्या पर्समध्ये होता आणि रात्रभर ती पर्स उशाखाली. पहाटे एकदा काढून पाहिला. काडेपेटीहून लहान प्लास्टिकची जाळी, तिच्यावर पांढऱ्या मेणाची वडी, आणि मेणात शेवईच्या तुकड्यांसारखे चार करडे धागे. आईचं पुढचं सगळं त्या चार धाग्यांवर ठरायचं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दोन फॉर्म समोर आले. एक ऑपरेशनचा. दुसरा, काढलेल्या गाठीतला उरलेला भाग आणि थोडं रक्त संशोधनासाठी ठेवू देण्याचा. मी लगेच म्हणाले, "हा नको." का, ते आजही नीट सांगता येत नाही. तिच्या अंगातलं आणखी काही परक्या हाती जाऊ नये, एवढंच वाटलं असावं.

आईने मला थांबवलं आणि फॉर्म घेऊन आलेल्या मुलीला विचारलं, "माझ्या रिपोर्टाला कमी पडणार नाही मगे?" नाही, निदानाला लागेल तेवढं आधी बाजूला काढतात. नाव? नावाऐवजी नंबर. नको म्हटलं तर? उपचारात काही फरक नाही, आणि आज हो म्हणून उद्या मन बदललं तरी सांगता येतं. आईने चष्मा मागितला. सातवी शिकलेली माझी आई. सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.

तिच्या रिपोर्टावर हर-टू ३+ होतं. पेशींवर एका प्रथिनाची गर्दी झालेली, त्यामुळे गाठ फोफावते. त्याच प्रथिनाला जाऊन चिकटणारं औषध, ट्रास्टुझुमॅब, तिला दर २१ दिवसांनी मिळतं. हे आलं कुठून म्हणून वाचत गेले. १९८७ मध्ये अमेरिकेत डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या १८९ गाठी तपासल्या. ज्यांच्यात हे प्रथिन बनवणारं जनुक वाढलेलं, त्यांचा आजार लवकर उलटतो, असं त्यांना दिसलं. औषधाला मंजुरी मिळाली १९९८ मध्ये. त्या १८९ जणींतल्या कितीजणी तोवर होत्या, देव जाणे. आईच्या हातातल्या सलाइनमध्ये त्या आहेत, असं मला आज दवाखान्यात बसल्या बसल्या सारखं वाटत होतं.

१९५१ मध्ये अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गाठीतल्या पेशी घेतल्या, तेव्हा तिला कुणी विचारलंही नव्हतं. त्या पेशी अजून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. माझ्या आईला विचारलं, समोर खुर्ची ओढून बसून विचारलं. मला ते फार मोठं वाटतं.

आईला हे सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की गाठ बाहेर आली की आतलं बरंच काही झपाट्याने विरतं, म्हणून तुकडा लगेच गोठवतात, आणि द्रव नायट्रोजन तर उणे १९६ अंशांवर असतो.

"एवढ्या थंडीत?" तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मग टिकेल," आणि वेलाला आणखी एक काठी लावायला सांगितली. चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीत घरचीच तवशी हवीत तिला.