मावशी, कॅमेऱ्यासमोरून बाजूला व्हा

डोक्याला वायरी लावल्या की वीस मिनिटांत पेशंट मोकळा, असं ईईजीबद्दल, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणाऱ्या तपासणीबद्दल, लोकांना वाटतं. व्हिडिओ ईईजीत पेशंट रात्रंदिवस कॅमेऱ्यासमोर असतो, डॉक्टर मुद्दाम गोळ्या कमी करतात आणि आम्ही टेक्निशियन फिट यायची वाट बघतो. हे नातेवाइकांच्या गळी उतरवण्यातच अर्धी नोकरी जाते.

पेशंट बीडकडची, ऊसतोडीला जाणारी, पंचविशीतली. केसांत तेल मुरलेलं. ते शाम्पूनं निघाल्याशिवाय इलेक्ट्रोड नीट धरत नाही. मग एकेक जागा जेलनं घासायची आणि रोध ५ किलोओमच्या खाली आणायचा. नुसती पेस्ट घामानं सुटते, म्हणून मी कोलोडियन नावाचा डिंकासारखा द्रव वापरते. वासानं डोकं उठतं, काढायला ॲसिटोन लागतं, पण दोन-तीन दिवस इलेक्ट्रोड हलत नाही. माझं रेकॉर्डिंग स्वच्छ असतं, हे सांगायला मला संकोच नाही.

एमआरआयमध्ये डावा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणी साठवायला लागणारा भाग, पार आक्रसलेला. केस सोपी, असंच सगळे धरून चालले होते.

पहिली फिट आली तशी आई झेपावली. लेकीच्या तोंडावर पदर, अंगावर गोधडी, कुणीतरी नाकाला चप्पल लावली. व्हिडिओत दिसते ती फक्त आईची पाठ. लहरी मात्र आल्या होत्या: सेकंदाला सहाची लय, आधी टी-४ या इलेक्ट्रोडवर. सम आकडा म्हणजे उजवी बाजू. एमआरआय डावीकडे, लहरी उजवीकडे! निवासी डॉक्टरांनी लगेच 'उजवा टेम्पोरल', म्हणजे फिट उजव्या कानशिलामागच्या भागातून, असं लिहूनही टाकलं. पोरगा हुशार आहे, पण पेशंटपेक्षा स्क्रीनवर जास्त विश्वास.

मी आईला म्हटलं, "मावशी, पुढच्या वेळी कॅमेऱ्यासमोरून बाजूला व्हा. मला तिचे हात दिसले पाहिजेत."

"हात काय बघायचा बाई? आधी उजवा हात वाकडा होतोय तिचा. कवाधरनं सांगतेय, कुणी ऐकून घेईना."

तिच्या जुन्या फायलीत हे एकदाही लिहिलेलं नव्हतं.

दुसरी फिट पहाटे आली. "पोटातून वर येतंय," म्हणाली आणि नजर थिजली. ओठ चावल्यासारखे हलायला लागले, डावा हात चादर चाचपत राहिला, उजवा मनगटात पिळून ताठ झाला. फिट ओसरल्यावर तिनं डाव्या हातानं नाक पुसलं. मी किल्ली दाखवून विचारलं, "हे काय?" ती बघत राहिली. "ते... कुलपाचं... उघडायचं..." किल्ली हा शब्द यायला कितीतरी मिनिटं लागली. उजव्या हातानं काम करणारी बाई. तिची भाषा बहुधा डाव्या मेंदूत, आणि उजव्या हाताचा ताबाही डाव्या मेंदूकडेच. हात, नाक, वाचा, सगळं डावीकडे बोट दाखवत होतं. लहरी पुन्हा टी-४ वरच.

कवटीवरच्या इलेक्ट्रोडला दिसायचं तर साधारण १० चौरस सेंटिमीटर मेंदूचं आवरण एकदम पेटावं लागतं. हिप्पोकॅम्पस खोल आत. तो फारच सुकलेला असेल तर फिट तिथं सुरू होऊनही वरच्या आवरणाला उठवत नाही. ती पलीकडे जाते आणि चांगल्या बाजूवर पहिल्यांदा उमटते. ऐकलं होतं, माझ्या मशीनवर पहिल्यांदाच पाहिलं. टी-४ वर विसंबून उजवीकडे ऑपरेशन झालं असतं, तर शाबूत हिप्पोकॅम्पस गेला असता आणि सुकलेला राहिला असता. मग नवीन काही लक्षात राहणंच कठीण. त्या रिपोर्टवरची ती ओळ अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही व्हिडिओ पाहून ती खोडली. आता मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड घालून खात्री करावी लागेल. आमच्याकडे ती सोय नाही. मुंबई नाहीतर तिरुवनंतपुरम.

नवरा म्हणाला, "पट्टा पडल्यावर गेलं तर चालंल का? उचल फिटायचीय." पट्टा पडणं म्हणजे तोडीचा हंगाम संपणं, उचल म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे.

डॉक्टरांनी गोळ्या पूर्ववत केल्या. तोवर तिच्या हाती कोयता द्यायचा नाही, हे मी त्याला दोनदा बजावलं. त्यानं मान हलवली. पण उचल नवरा-बायको दोघांच्या जोडीवर घेतलेली. फडात ती नुसती बसून राहिली तर मुकादम ऐकणार आहे का?