मेनिंजिओमा नव्हताच

एमआरआय पाहून कोणालाच शंका आली नव्हती. ड्युराला, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या आवरणाला, चिकटलेली, कॉन्ट्रास्ट एकसारखा घेणारी गाठ म्हणजे मेनिंजिओमा, मेंदूच्या आवरणांचीच गाठ, दुसरं काय? न्यूरोसर्जनने जमेल तेवढी काढली, उजव्या डोळ्याच्या नसेला बिलगलेला भाग तसाच ठेवावा लागला. मग त्याला पॅथॉलॉजीच्या मॅडमचा फोन आला, "जरा खाली येऊन स्लाइड बघ."

मोठमोठे, फिकट हिस्टिओसाइट (भक्षक पेशी), आणि त्यांच्या पोटात अख्खे लिंफोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी)! गिळलेले, पण न पचलेले. पेशी ओळखायच्या चाचण्यांत एस-100 पॉझिटिव्ह, सीडी1ए निगेटिव्ह. म्हणजे रोझाई-डॉर्फमन, हिस्टिओसाइट साठून गाठी होणारा दुर्मिळ आजार. रोझाई आणि डॉर्फमन यांनी 1969 मध्ये वर्णन केलं ते मानेत भल्यामोठ्या लिंफच्या गाठी येणाऱ्या पेशंटांचं. आमच्या पेशंटच्या मानेत काहीच नव्हतं, पूर्ण शरीराचा पेट स्कॅनही स्वच्छ. मेंदूतला हा आजार बहुतेकदा असा एकटाच येतो, म्हणून तर फसवतो.

स्टिरॉइडने नजर सुधारली. डोस कमी करायला घेतला की पुन्हा अंधुक, वर शुगर तीनशेच्या घरात. तेव्हा केस माझ्याकडे, रेडिएशन विभागात, आली.

पेशंटच्या बायकोने पहिलाच प्रश्न टाकला, "डॉक्टर, कॅन्सर नाही म्हणता, मग लाईट कशाला देताय?"

लाईट म्हणजे रेडिएशन. प्रश्न रास्तच होता. मेनिंजिओमाला आम्ही 54 ग्रेपर्यंत (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप) जातो, आणि डोळ्याच्या नसेची सहनशक्तीही साधारण तिथेच संपते. या आजारात नेमका डोस किती, हे सांगणारी मोठी ट्रायल नाही. इतके पेशंट आणायचे कुठून? लिंफोमासारखा (लिंफच्या गाठींचा कॅन्सर) कमी डोस पुरतो असा अनुभव आहे, म्हणून 30 ग्रे, रोज 2, असे 15 दिवस ठरवले. ट्यूमर बोर्डात, म्हणजे डॉक्टरांच्या एकत्र बैठकीत, एकाने "थोडा वाढवा की" म्हटलं. मी नाही वाढवला. जीव न घेणाऱ्या आजारासाठी माणसाची नजर पणाला लावणं मला पटत नाही.

"ताई, गाठ कॅन्सरची नाही, पण बसलीय नसेवर. कमी लाईटमध्ये ती आवळते का बघू. नाही आवळली तर गोळ्या आहेत, पण महाग आहेत."

डोकं हलू नये म्हणून लावायच्या मास्कची जाळी गरम पाण्यातून काढून चेहऱ्यावर ताणली तेव्हा पेशंटने टेबलाची कड घट्ट धरली. टेक्निशियन म्हणाला, "दादा, श्वास नेहमीसारखा घ्या, नाकाला भोकं आहेत." जाळी कडक होईपर्यंत हात काही सुटला नाही.

तीन महिन्यांनी एमआरआयमध्ये उरलेली गाठ निम्म्याहून लहान दिसली, स्टिरॉइड बंद झालं. तो एसटीत कंडक्टर. नजरेचं बोलायच्या आधी त्याने फिटनेस सर्टिफिकेटचा कागद पुढे केला. मी आधी फील्ड टेस्ट (नजरेचा घेर मोजायची तपासणी) करायला डोळ्यांच्या ओपीडीत पिटाळला.