ब्राउझर रीसेट करूनही न जाणारं अ‍ॅडवेअर: माझा अनुभव

‘ब्राउझर रीसेट करा’ असं सांगून मोकळे होणाऱ्या सगळ्या लेखांवर माझा अजून राग आहे. सल्ला खोटा नाही, बऱ्याच जणांचं काम त्यावर भागतही असेल. पण ज्यांचं भागत नाही त्यांनी पुढे काय करायचं, याबद्दल कुणी अक्षर लिहीत नाही. माझ्या ब्राउझरमध्ये अ‍ॅडवेअर, म्हणजे जाहिरातींच्या पैशासाठी आपल्याला भलतीकडे वळवणारं सॉफ्टवेअर शिरलं होतं. माझं रीसेटवर भागलं नाही, म्हणून हे लिहिते आहे. माझा संगणक विंडोजचा आणि ब्राउझर क्रोम, त्यामुळे तसंच वापरणाऱ्यांना हे जास्त उपयोगी पडेल.

लक्षणं नेहमीचीच होती. अ‍ॅड्रेस बारमध्ये काहीही शोधायला टाकलं की निकाल भलत्याच सर्च इंजिनवर उघडायचे. मध्ये निमिषभर एक अनोळखी पत्ता झळकून जायचा, पण वाचून होण्याआधीच गायब. शेवटी मोबाइलने स्क्रीनचा व्हिडिओ काढला आणि तो थांबवत थांबवत पाहिला, तेव्हा कुठे पत्ता हाती लागला. हे तुम्हीही करा आणि तो पत्ता कागदावर लिहून ठेवा. शेवटी जे सर्च इंजिन दिसतं त्याचा यात दोष नसतो. मधला पत्ता तुमचा शोध स्वतःकडून फिरवून पुढे पाठवतो आणि त्या वळणावर जाहिरातीचे पैसे कमावतो. सगळा धंदा एवढाच. म्हणून तर ही मंडळी तुमचा संगणक बंद पाडत नाहीत. तो नीट चालला तरच त्यांची कमाई.

एक सावधगिरी मात्र इथेच सांगते. तो पत्ता ‘कसा काढायचा’ म्हणून शोधलात तर एकाच साच्यातली पानंच्या पानं मिळतील. वर भीतिदायक वर्णन, खाली एक ‘मोफत स्कॅनर’. हा स्कॅनर साध्या कुकीजनाही धोका म्हणून मोजतो, लाल अक्षरांत भलामोठा आकडा दाखवतो आणि साफ करायची वेळ आली की पैसे मागतो. एक घाण काढायला दुसरी आणू नका. आणि शोधायचंच असेल तर मोबाइलवर शोधा. बिघडलेल्या ब्राउझरमध्ये उपाय शोधणं म्हणजे चोरालाच पोलीस चौकीचा रस्ता विचारणं.

रोग नेमका कुठे आहे हे आधी ठरवलं, त्यामुळे पुष्कळ त्रास वाचला. त्याच संगणकावर फायरफॉक्स नीट चालत होता, त्याच वायफायवर मोबाइलही नीट चालत होता. म्हणजे राउटर आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सोय) सुटले. घरातली सगळीच उपकरणं भरकटत असतील तर मात्र राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएनएसचे आकडे कुणी बदललेत का ते पाहा. ही शंका उगाच नाही. डीएनएसचेंजर नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) जगभर लाखो संगणकांचे पत्ते असेच वळवले होते. अमेरिकेच्या एफबीआयने २०११ मध्ये ती टोळी पकडली, तरी बाधित लोकांचं इंटरनेट एकदम बंद पडू नये म्हणून पर्यायी सर्व्हर जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावे लागले.

सुरुवातीची साफसफाई सुरळीत झाली. सेटिंग्जमध्ये इन्स्टॉल केलेल्या अ‍ॅप्सची यादी तारखेनुसार लावली, तर त्रास सुरू झाला त्याच सुमाराला आलेला एक पीडीएफ कन्व्हर्टर सापडला. घरात कुणीच त्याची जबाबदारी घेतली नाही. तो काढला. मग अ‍ॅडक्लीनर चालवला. हा मालवेअरबाइट्सचा आहे, मोफत आहे, इन्स्टॉलही करावा लागत नाही. त्याने उरलेसुरले फोल्डर उचलले. क्रोम रीसेट केला. बुकमार्क आणि पासवर्ड त्यात जात नाहीत, ती भीती नको.

आणि पुन्हा तेच. शोध भलतीकडे.

एक्स्टेन्शनच्या, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामांच्या पानावर गेले तर तिथे एक अनोळखी एक्स्टेन्शन बसलेलं. नाव अगदी सोज्वळ, आयकॉन करड्या रंगाचा. बाकीच्यांखाली ‘रिमूव्ह’ बटण होतं, याच्याखाली नव्हतं. चालू-बंद करायची कळ फिकी, दाबली तरी हलत नव्हती. तपशील उघडले तर लिहिलेलं: ‘इन्स्टॉल्ड बाय युअर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’. तीन ठिपक्यांच्या मेनूत अगदी तळाशी आणखी एक ओळ: ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’. घरचा संगणक, घरातलंच खातं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मीच. मग ही ऑर्गनायझेशन कुठली?

मी इथेच अडकले, आणि लेखही इथेच संपतात. एक म्हणतो, क्रोममध्ये ‘हानिकारक सॉफ्टवेअर शोधा’ हा पर्याय वापरा. ती सोय २०२३ मध्येच काढून टाकली गेली, तरी लेख तसाच. दुसरा म्हणतो, ग्रुप पॉलिसी एडिटर (असे वरून लादलेले नियम बदलायचं विंडोजचं साधन) उघडा. विंडोजच्या होम आवृत्तीत तो एडिटरच नसतो. नाव टाइप केलं की ‘फाइल सापडत नाही’ असा निरोप येतो आणि आपलंच काहीतरी चुकलं असं वाटायला लागतं. तिसऱ्याने क्रोम काढून परत टाकायला सांगितलं. तेही केलं. नवाकोरा क्रोम उघडला आणि ते करडं एक्स्टेन्शन आधीच आत येऊन बसलेलं. त्या क्षणी संगणक खिडकीबाहेर जाता जाता राहिला.

खरी भानगड अशी आहे. मोठ्या कार्यालयांत शेकडो संगणक सांभाळायचे असतात, म्हणून ब्राउझरला वरून हुकूम देण्याची सोय असते: अमुक एक्स्टेन्शन सगळ्यांकडे टाक आणि कुणाला काढू देऊ नकोस. या हुकमाला पॉलिसी म्हणतात. ती क्रोमच्या आत नसतेच, विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्ज साठवणाऱ्या तिच्या नोंदवहीत असते. क्रोम उघडताना ती वाचतो आणि निमूट पाळतो. अ‍ॅडवेअरवाले नेमकी हीच सोय वापरतात. तुम्ही इन्स्टॉल करताना परवानगीच्या चौकटीत एकदा ‘येस’ म्हटलंत की त्यांना रजिस्ट्रीत लिहायचा अधिकार मिळतो. मग रीसेट करा नाहीतर क्रोम पुसून पुन्हा टाका, हुकूम जागेवरच.

तो हुकूम डोळ्यांनी पाहता येतो. अ‍ॅड्रेस बारमध्ये क्रोम://पॉलिसी असं (अर्थात इंग्रजी अक्षरांत) टाइप करा. माझ्याकडे तिथे एक्स्टेन्शनइन्स्टॉलफोर्सलिस्ट (जबरदस्तीने टाकायच्या एक्स्टेन्शनची यादी) नावाची ओळ होती आणि तिच्यासमोर अक्षरांची एक लांब माळ. प्रत्येक क्रोम एक्स्टेन्शनला अशी ३२ अक्षरांची ओळख असते, इंग्रजी ए ते पी या अक्षरांतूनच बनलेली. एक्स्टेन्शनच्या पानावर डेव्हलपर मोड चालू केला की तीच ओळख तिथेही दिसते. मी दोन्ही माळा अक्षर न् अक्षर जुळवल्या. चोर ओळखीच्या चेहऱ्यासकट सापडला.

मग रजिस्ट्री एडिटर. इथे हात लावण्याआधी ज्या कीला (रजिस्ट्रीतल्या फोल्डरसारख्या कप्प्याला) हात लावणार ती एक्स्पोर्ट करून ठेवा, शक्य असेल तर रीस्टोअर पॉइंटही (बिघडलं तर विंडोजला मागच्या स्थितीत नेणारी नोंद) बनवा. आणि संगणक खरोखरच ऑफिसचा असेल तर हा परिच्छेद विसरा. तिथली पॉलिसी तुमच्या आयटी विभागाची असते, त्यांनाच सांगा. काही अँटिव्हायरसही अशी एखादी पॉलिसी लावतात, त्यामुळे ‘मॅनेज्ड’ दिसलं म्हणजे घात झालाच असं नाही. ओळख जुळवूनच पुढे जायचं. रस्ता असा: एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम. त्यात ती फोर्सलिस्ट. पुसली. क्रोम बंद करून उघडला, एक्स्टेन्शन गायब. काय आनंद झाला म्हणून सांगू! घरात जाहीरही करून टाकलं.

संगणक रीस्टार्ट केला आणि ते परत हजर.

याचं उत्तर मला कुठेही सरळ लिहिलेलं मिळालं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. रजिस्ट्रीतली ओळ ही नक्कल असू शकते. अस्सल हुकूम विंडोज फोल्डरातल्या सिस्टिम३२ मध्ये, ग्रुपपॉलिसी नावाच्या फोल्डरात असतो. हा फोल्डर लपवलेला असतो, फाइल एक्सप्लोररमध्ये ‘हिडन आयटम्स’ वर खूण केल्याशिवाय दिसत नाही. त्यात मशीन नावाचा फोल्डर आणि त्यात रजिस्ट्री.पॉल ही फाइल. विंडोज ही फाइल वाचून रजिस्ट्री पुन्हा भरतं. होम आवृत्तीत एडिटर नसला तरी ही फाइल वाचली जातेच, हे विशेष. म्हणजे मी नक्कल फाडत होते आणि अस्सल कागद कपाटात सुखरूप. मी ती फाइल पुसली नाही, नाव बदलून ठेवलं. मग कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून जीपीअपडेट आणि पुढे फोर्सचा स्विच दिला (इंग्रजीत gpupdate /force, म्हणजे पॉलिसी लगेच पुन्हा वाचायचा हुकूम), रजिस्ट्रीतली ओळ पुन्हा पुसली आणि क्रोमच्या पॉलिसीच्या पानावर ‘रीलोड पॉलिसीज’ दाबलं. पान रिकामं झालं.

तरी या वेळी जाहीर काही केलं नाही. हे कुणीतरी परत लिहीत असेल तर? टास्क शेड्यूलर (ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारं विंडोजचं साधन) उघडला. एखाद्या अपडेटरचं वाटावं असं नाव घेतलेलं एक काम तिथे होतं, लॉगऑन झालं की चालणारं. ‘अ‍ॅक्शन्स’ टॅबवर पॉवरशेल (विंडोजला लेखी हुकूम देण्याचं साधन) आणि त्यापुढे न संपणारी ओळ. खरा अपडेटर स्वतःची इएक्सई फाइल चालवतो, त्याला असली लपवाछपवी करावी लागत नाही. ती ओळ प्रोग्रामडेटामधल्या ज्या फाइलकडे बोट दाखवत होती ती आणि ते काम, दोन्ही काढलं. मग रीस्टार्ट. पान रिकामंच. पुन्हा रीस्टार्ट, खात्रीसाठी. रिकामंच! मेनूच्या तळाची ती ऑर्गनायझेशनची ओळही गेली.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी प्रोग्राम, मग शेड्यूलरमधलं काम, मग रजिस्ट्री.पॉल, मग रजिस्ट्री, आणि ब्राउझर रीसेट सर्वांत शेवटी. लेख नेमका उलट्या टोकाने सुरू करतात. एज (मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर) वापरत असाल तर त्याचंही पॉलिसीचं पान बघा. त्याची की पॉलिसीजमध्येच, पण मायक्रोसॉफ्टच्या नावाखाली असते.

नंतरचं एक काम लोक टाळतात. असल्या एक्स्टेन्शनला बहुधा ‘सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी असते. तेव्हा ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदला आणि जिथे सोय असेल तिथे ‘सर्व ठिकाणांहून साइन आउट’ करा. तेच गूगल खातं दुसऱ्या संगणकावरही असेल तर साफसफाई होईपर्यंत सिंक (खात्यातून सेटिंग्ज सगळ्या उपकरणांवर नेणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर बदललेली सेटिंग्ज मागच्या दाराने परत येऊ शकतात.

पुन्हा होऊ नये म्हणून मी दोन गोष्टी केल्या. विंडोज सिक्युरिटीत ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’ मध्ये ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड अ‍ॅप ब्लॉकिंग’ आहे, ते चालू केलं. आणि रोजच्या वापरासाठी सगळ्यांना साधी खाती करून दिली. अ‍ॅडमिनचा पासवर्ड एकट्या माझ्याकडे. थोडी कुरकुर झाली, पण साध्या खात्यातून पॉलिसी लिहिताच येत नाही, त्यामुळे मी बधले नाही. फुकटातलं काही इन्स्टॉल करताना ‘कस्टम’ निवडा आणि आधीच केलेल्या खुणा काढा. शोध निकालात सगळ्यांत वर ‘प्रायोजित’ लिहिलेल्या दुव्यावरून डाउनलोड करू नका, बनवणाऱ्याच्या साइटवर जा. जुनी, विश्वासातली एक्स्टेन्शनंही अधूनमधून तपासा, कारण ती विकली जातात. टॅब गोठवणारं द ग्रेट सस्पेंडर असंच मालक बदलल्यावर बिघडलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर म्हणून बंद केलं.

राहिलं होतं ते: स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ असे निरोप येत असतील आणि शोध मात्र नीट चालत असेल, तर वरचं काहीही करू नका. कुठल्या तरी साइटने ‘रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा’ म्हणून नोटिफिकेशनची परवानगी काढलेली असते. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सच्या यादीतून ती साइट काढली की काम झालं. क्रोम उघडतानाच नको ते पान येत असेल तर डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘टार्गेट’ पाहा. क्रोम.इएक्सई नंतर एखादा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढाच पुसा. आणि मॅकवर हीच पॉलिसीची चलाखी कॉन्फिगरेशन प्रोफाइलच्या रूपात येते. सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘प्रोफाइल’ (नव्या आवृत्तींत ‘डिव्हाइस मॅनेजमेंट’) शोधा, तुम्ही न टाकलेलं काही दिसलं तर ते निवडून वजाच्या चिन्हाने काढा. प्रोफाइल कधीच टाकलं नसेल तर तिथे काही दिसणारच नाही.