खाली दोनच नावे होती

नेदरलँड्सच्या नैर्ऋत्येकडील झेलंड प्रांतातल्या एका वाचनालयात, जुन्या वृत्तपत्रांच्या विभागात मी काम करते. येथे येणारे लोक बहुधा घराण्याची माहिती, एखाद्या बंद पडलेल्या दुकानाची जाहिरात किंवा गावच्या शाळेचे छायाचित्र शोधत असतात. गेल्या हिवाळ्यात आलेले ऐंशी ओलांडलेले गृहस्थ मात्र आपल्या आईची निधनवार्ता शोधत होते.

31 जानेवारी 1953 च्या रात्री उत्तर समुद्राला उधाण येऊन बांध फुटले, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. त्या महापुरात नेदरलँड्समध्ये 1,836 माणसे मृत्युमुखी पडली आणि स्खाउवन-डाउव्हलँड बेटावरच्या त्यांच्या घरातून आई व चार वर्षांची बहीण वाहून गेली. वडिलांनी पुढे वृत्तपत्रात निधनवार्ता दिली होती, एवढे मावशीच्या बोलण्यातून त्यांना कळले होते; कात्रण कोणाकडेच नव्हते आणि वडिलांनी त्या रात्रीचा विषय अखेरपर्यंत काढला नाही. हेगच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'डेल्फर' संकेतस्थळावर 1618 पासूनची डच वृत्तपत्रे पाहता येतात. तेथे आडनाव घालून त्यांनी फेब्रुवारी 1953 चे अंक पुन्हापुन्हा धुंडाळले होते आणि हाती काहीच लागले नव्हते.

अशा वेळी मी पहिला प्रश्न विचारते तो हा, की घरी कोणते वृत्तपत्र येत असे? त्या काळी डच समाज धर्म आणि विचारसरणी यांनुसार इतका विभागलेला होता की कॅथलिकांच्या घरी 'फोल्क्सक्रांट', समाजवाद्यांकडे 'हेट फ्रैये फोल्क' आणि कर्मठ प्रोटेस्टंटांकडे 'ट्राउ' येई. 'ट्राउ' हे पत्र तर 1943 मध्ये जर्मन अंमलाखाली भूमिगत निघालेले. वडील चर्चच्या पंचमंडळात होते, म्हणजे 'ट्राउ'च. आम्ही त्याचे फेब्रुवारी आणि मार्चचे अंक पाहिले, पण निधनवार्ता तेथे नव्हती.

राष्ट्रीय दैनिकांच्या पहिल्या पानांवर त्या आठवड्यात मृतांचा आकडा रोज वाढत जातो. आकडे खरेच असतात, पण गावातल्या कोणत्या घरातले कोण गेले, हे शोधायला मला प्रादेशिक पत्राकडेच वळावे लागते. आमच्याकडचे 'प्रोव्हिन्सियाले झेयूसे कूरांट' आपली परंपरा 1758 पर्यंत मागे नेते. ते कोणत्याही एका पंथाचे नव्हते, त्यामुळे प्रोटेस्टंट शेतकरी आणि कॅथलिक दुकानदार दोघेही ते वाचत. पुरानंतर बेटांवरची माणसे मुख्य भूमीवर चहूकडे पांगली होती, आणि आपले दुःख जुन्या शेजाऱ्यांपर्यंत पोचवायचे तर याच पत्राचा आधार होता, असा माझा अंदाज होता.

तेथेही आडनावाने काही निघाले नाही. मग मला त्यांच्या आडनावातल्या 'आय' आणि 'जे' या जोडाक्षराची शंका आली. छापील पान वाचताना संगणक त्याचा पुष्कळदा 'वाय' करतो, कधी दोन टिंबांचा 'यू' करतो, आणि एक अक्षर चुकले की माणूस शोधातून नाहीसा होतो. मी आडनाव सोडून दिले, गावाचे नाव घातले आणि मुदत जूनपर्यंत वाढवली, कारण कित्येक मृतदेह पाणी ओसरल्यावर, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सापडले होते.

एप्रिलच्या एका अंकात, चौथ्या पानावर, काळ्या चौकटीतला तो मजकूर होता. अंक इतका फिकट उतरला होता की पान मला मोठे करून घ्यावे लागले. आईचे नाव, वय 34, आणि ती 'आता सापडली असून तिचा दफनविधी झाला आहे' असे एक वाक्य. त्याखाली बहिणीचे नाव आणि 'जिचा अद्याप शोध लागलेला नाही'. शोक करणाऱ्यांची नावे खाली दोनच होती, पहिले वडिलांचे आणि दुसरे त्यांचे स्वतःचे.

ते बराच वेळ त्या दुसऱ्या नावावर बोट ठेवून बसले. आई सापडल्याचे त्यांना ठाऊक होते, पण वडिलांनी शोक करणाऱ्यांत आपलेही नाव घातले होते, ही गोष्ट त्यांना ऐंशीव्या वर्षानंतर प्रथमच कळत होती. "मी लहान आहे म्हणून मला काही सांगितले नाही, असेच मी आयुष्यभर समजत आलो," ते म्हणाले.

मी चौकटीपुरती प्रत काढू लागले, तेव्हा त्यांनी मला थांबवले आणि पूर्ण पान मागितले. बियाण्याच्या बटाट्यांची जाहिरात आणि दुसऱ्या दोन घरांच्या काळ्या चौकटीही त्यांना हव्या होत्या, कारण त्यांतले एक घर त्यांच्या शेजारचे होते. मोठ्या कागदावर छापून दिलेले ते पान त्यांनी घडी न घालता गुंडाळून घेतले. ते गेल्यावर मी आमच्या टिपणवहीत त्या अंकाची तारीख, पान आणि आडनावाचे बरोबर लेखन नोंदवले, आणि शेजारच्या दोन चौकटींतली नावेही तशीच तपासून खाली लिहून ठेवली.