कालनिर्णयवरचे लाल गोल

जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या टॅक्सच्या ऑफिसात चहाचा कप ठेवायलाही जागा नसते. ३१ तारीख डोक्यावर, पोर्टल रडतखडत चाललेलं आणि प्रत्येकाला आपलं रिटर्न आजच भरून हवं असतं. २०२४ च्या अशाच एका संध्याकाळी जांभळी नाक्यावर भाजी विकणारे एक काका मुलाला घेऊन आले. मुलगा सव्वीसचा, इंजिनिअर, नोकरी सोडलेला. काकांनी बसायच्या आधीच पिशवीतून दोन कालनिर्णय काढून माझ्या टेबलावर पसरली.

"मॅडम, आधी हे बघा, मग त्याचं ऐका."

नोव्हेंबरचं पान होतं. दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, संकष्टी, आणि या सगळ्यावरून लाल पेनाने काढलेले गोल. मी मोजले. बारा.

"हे सगळे हरल्याचे दिवस. स्वतःच्या हाताने काढलेत. आणि वर म्हणतो, मी कमावतो."

मुलगा ऑनलाइन पोकर खेळायचा. त्याचं म्हणणं एवढंच, की हरलेल्या दिवशी आपण काय चुका केल्या ते नंतर तपासता यावं म्हणून तो गोल करतो. जिंकलेला दिवस कोराच सोडायचा. म्हणजे घरच्यांना वर्षभर भिंतीवर काय दिसलं असेल, तुम्हीच बघा.

खरं तर माझं काम सोपं होतं. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ कमाईवर सरसकट ३० टक्के कर होता, तेव्हाच्या आयकर कायद्याचं कलम ११५बीबीजे. वर ४ टक्के सेस. अडीच-तीन लाखांपर्यंतची सूट इथे नव्हती, वायफाय-लॅपटॉपचा खर्च दाखवता येत नव्हता. पठ्ठ्याने स्वतःच आयटीआर-१ हा रिटर्नचा साधा फॉर्म भरायला घेतला होता, त्यात हे उत्पन्न बसतच नाही. डिसेंबरात त्याने निव्वळ ४ लाख ८० हजार काढून घेतले तेव्हा कंपनीने कलम १९४बीएखाली १ लाख ४४ हजार कर आधीच कापला होता (टीडीएस). मग फेब्रुवारी-मार्च वाईट गेले, ८० हजार परत घातले आणि गेले. वर्षाची कमाई राहिली ४ लाख. दुसरं उत्पन्न शून्य. कर १ लाख २४ हजार ८००, म्हणजे १९,२०० रुपये रिफंड.

"हरला म्हणून सरकार पैसे परत देतंय?" काकांनी विचारलं. "तसं नाही," मी म्हटलं, तरी त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

दहा मिनिटांत फाइल हातावेगळी झाली असती. पण मुलाने मोबाइलवर त्याची एक्सेल शीट उघडून दिली आणि मी त्यात अडकले. (माझा पत्त्यांशी संबंध गौरीच्या जागरणातल्या रमीपुरता. पण आकड्यांची शीट दिसली की माझा हात थांबत नाही.) वर्षात खेळला २३१ दिवस. त्यातले तोट्याचे १०१. शंभरातले जवळपास चव्वेचाळीस दिवस हा मुलगा हरून उठला होता, आणि तरी वर्षाअखेर ४ लाख वर.

पंचवीस-पन्नासच्या टेबलांवर (म्हणजे दर डावाला दोघांनी पान बघायच्या आधीच २५ आणि ५० रुपये लावायचे), एकावेळी चार टेबलं, रोज साधारण पाचशे डाव. दिवसाची सरासरी कमाई काढली तर १,७३२ रुपये. आणि रोजचा आकडा सरासरीपासून किती लांब जातो ते काढलं, म्हणजे आम्ही कॉलेजात ज्याला प्रमाण विचलन म्हणायचो ते, तर आलं दहा हजारांच्या आसपास. इथेच सगळं आहे. सतराशेची कमाई आणि दहा हजारांचा हेलकावा. एक्सेलला विचारलं, असा माणूस किती दिवस तोट्यात जाईल? उत्तर आलं ४३ टक्के, म्हणजे २३१ पैकी शंभरेक दिवस. शीटवर १०१. वीस दिवसांचा महिना धरला तर तोट्याची शक्यता २२ टक्क्यांवर येते. त्याचे बारातले तीन महिने तोट्याचे होते. वर्ष धरलं तर अर्धा टक्काही नाही. मी स्क्रीन काकांकडे फिरवली.

काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पहाटे तीनला वाशीच्या मार्केटला जातो मी. माझेपण तोट्याचे दिवस असतात. पावसात कोथिंबीर काळी पडली की गेले पैसे. पण महिन्यातनं चार-पाच. आणि का गेले ते मला माहीत असतं. याला विचारा, परवा का हरला."

"परवा माझ्याकडे एक्क्यांची जोडी होती," मुलगा म्हणाला. "समोरच्याकडे राजांची. सगळे पैसे मध्ये गेले. उघडलेलं शेवटचं पान राजा, त्याचे तीन राजे झाले."

"म्हणजे चूक कुठं झाली?"

"चूक झालीच नाही, बाबा. असे पाच डाव खेळलो तर चार मी जिंकतो. हा पाचवा होता."

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग कमी आणि दया जास्त होती.

मला दोघांचंही पटत होतं, आणि तिथे मी मुलाची बाजू घेतली नाही. कारण याच टेबलासमोर दुसरीही मंडळी येऊन बसायची. त्यांच्याही टीडीएसच्या नोंदी असायच्या, तीही म्हणायची, "काल वीस हजार मारले." रोज सतराशे हरणाऱ्या माणसाचेही याच हिशोबाने शंभरातले ४३ दिवस जिंकण्याचे असतात. डावांतून कंपनी आपला वाटा काढून घ्यायची, त्यामुळे सगळे मिळून खेळणारे तोट्यातच असायचे. कोण त्यातून वर आहे हे लाल गोलांवरून कळत नाही आणि कोऱ्या चौकटींवरूनही नाही. वर्षभराची शीट लागते, आणि ती खोटी न लिहिणारा माणूस लागतो. तो मी दहा वर्षांत एकच पाहिला. हे मी दोघांसमोरच बोलले.

"म्हणजे कळायला वर्ष लागतं," काका म्हणाले.

"निदान."

"तोवर घर कोण चालवतं?"

मुलगा गप्प. काकांनी दोन्ही कालनिर्णयांची गुंडाळी करून पिशवीत ठेवली. जाताना मुलाला एवढंच म्हणाले, जिंकलेल्या दिवशीही काहीतरी काढत जा, हिरव्याने काढ. पुढच्या वर्षी तो रिटर्न भरायला एकटाच आला.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये नवा कायदा आला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ बंद. त्याची टेबलं एका आठवड्यात गेली. एप्रिलपासून ऐंशी दिवस झाले होते आणि तो चौदा हजारांनी खाली होता. नेहमीसारखं चाललं असतं तर मार्चपर्यंत वर आलाही असता. पण उरलेले दीडशे दिवस मिळालेच नाहीत.

यावेळी फोन काकांचा आला. हे चौदा हजार पुढच्या वर्षीच्या कमाईतून वजा करता येतात का, भाजीच्या धंद्यातला तोटा पुढे नेता येतो म्हणे.

"यात नाही नेता येत, काका. दिवसांचा तोटा वर्षात जिरतो. वर्षाचा तोटा कुठेच जिरत नाही."

"मग तो लिहायचा कुठं?"

"कुठेच नाही."

"बरं," म्हणाले, आणि मागे कुणाला तरी मेथीचा भाव सांगायला लागले.