आमची वाटचाल : नजर तिथे बिट

चित्रफितीत प्रेक्षकाची नजर जिथे स्थिरावेल तिथे बिट, म्हणजे चित्राचा तपशील साठवणारी माहिती, सढळपणे द्यायचे आणि उरलेल्या चौकटीत हात आखडता घ्यायचा, एवढ्यावर आमची लहानशी कंपनी उभी आहे. डोळ्याला खरोखर बारीक दिसते ते मध्यभागीच्या जेमतेम दोन अंशांत, आणि एच.२६४ या चित्रफीत आकुंचनाच्या मानकात प्रत्येक मॅक्रोब्लॉकला, म्हणजे चौकटीच्या लहान चौकोनी तुकड्याला, वेगळा क्यूपी (जितका मोठा तितका तपशील कमी राखणारा आकडा) देता येत असल्यामुळे मार्ग मोकळाच होता.

माझे पहिले भागीदार आय-ट्रॅकर, म्हणजे नजर टिपणारे यंत्र, सांभाळत. हनुवटी टेकवण्याचा स्टँड, नऊ ठिपक्यांचे कॅलिब्रेशन आणि नोंद एका अंशाने जरी सरकली तरी संपूर्ण बैठक रद्द, असा त्यांचा खाक्या होता. मला तो तेव्हा जाचक वाटे.

एका प्रात्यक्षिकाने आम्हाला बुडण्याच्या बेतात आणले. प्रेक्षक कुठे पाहील याचा अंदाज देणारा लक्ष-नकाशा आम्ही प्रत्येक फ्रेमला नव्याने काढत होतो आणि पार्श्वभूमीचा क्यूपी बाराने वाढवण्याइतके धाडस केले होते. क्यूपी सहाने वाढला की क्वांटायझेशनची, म्हणजे आकडे ढोबळ करण्याची, पायरी दुप्पट होते, म्हणजे आमची चौपट झाली. वक्त्याच्या मागची झाडी धडधडू लागली आणि जिकडे कोणी पाहणार नाही असे आम्ही गृहीत धरले होते, नेमके तिकडेच सगळे पाहू लागले. ती चूक आमचीच. परंतु प्रतिस्पर्ध्याने त्याच बैठकीत सरासरी पीएसएनआरचा, म्हणजे मूळ चित्राशी पिक्सेलगणिक तुलना करणाऱ्या मापाचा, तक्ता पुढे केला, ही गोष्ट मला अजूनही सलते; चेहऱ्याचा पिक्सेल आणि पानाचा पिक्सेल एकाच भावाने मोजणाऱ्या त्या मापात आमचा आकडा खालीच येणार, हे त्यांना पुरेपूर ठाऊक होते. काम त्यांना मिळाले.

व्याख्यानांच्या ध्वनिचित्रफिती साठवणाऱ्या एका ग्राहक बाईंनी तेवढी आमची साथ सोडली नाही. त्या आकडे मागत नसत. फळ्यावरचे सूत्र वाचता येते का, एवढेच तिऱ्हाइताला विचारत. त्यांच्याच कामावर आम्ही नकाशा फ्रेमागणिक संथ बदलता केला, दृश्य पालटताच तो नव्याने काढू लागलो आणि क्यूपीची वाढ सहावर रोखली. पुढची वर्षे बरी गेली.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना, कोणी विचारले नसले तरी, सांगतो : उपशीर्षकांच्या पट्टीचे बिट कधीही कापू नका. नकाशा तिथे काळाकुट्ट, म्हणजे लक्ष शून्य, दिसला तरी अक्षरे उमटली की प्रेक्षक ती वाचतोच, भाषा समजत असली तरीसुद्धा.